बापूचा नंबर

बापू,

तुझा फोन अजून वाजतो.

तुला पोचवून माणसं परत आली होती. तुझी सुनंदा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, केतकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, आणि मी कुणीतरी हातात दिलेला पाण्याचा तांब्या तसाच धरून स्वयंपाकघरात उभी. फ्रिजवर ठेवलेला तुझा फोन थरथरायला लागला. थरथरत थरथरत कडेपर्यंत आला. पडेल म्हणून मी तो उचलला, एवढाच हेतू. पण बोट कुठे लागलं कोण जाणे, आतून आवाज आला, "बापूभाऊ, आमनी काढणी कधी लावतस? माल तयार शे."

मी म्हटलं, "भाऊ नाहीत."

"कधी येतीन?"

मला लग्नात, बारशात, एसटीच्या रांगेत कधी शब्द कमी पडलेले नाहीत, हे तुला माहीतच आहे. तिथे मात्र मला एवढंच सुचलं, "आल्यावर सांगते."

"सांगा बरं, अक्का. इसरू नका."

मी तुझी बहीण आहे हे त्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे फोनवर कुठलीही मोठी बाई आली की ती अक्काच असते. पण तुझ्या फोनातून 'अक्का' अशी हाक आली आणि मी तांब्यासकट खाली बसले. पाणी सगळीकडे झालं. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. मीही तसंच वाटू दिलं.

तर बापू, निरोप असा आहे की माल तयार आहे. विसरायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून सांगितलं.

धुळ्याला माझ्या गल्लीतल्या बायका विचारायच्या, "तुमचे भाऊ जळगावला काय करतात?" मी सांगायचे, "फोन उचलतो." त्यांना ती माझी नेहमीची थट्टा वाटायची. थट्टा कसली, खरंच होतं ते. शेठजींचा केळीचा धंदा, शेतं रावेर-यावलकडची, गिऱ्हाईक दिल्लीचं, आणि मधे तू. कोणाच्या बागेत आज काढणी, कापणारी टोळी कुठे अडली, ट्रक कुठल्या नाक्यावर उभा, दिल्लीवाला भावावरून का रुसला, हे सगळं तुझ्या कानातून जायचं. तुझा तो कान दुसऱ्या कानापेक्षा चपटा झालाय असं मी सगळ्यांना सांगत असे. तू म्हणायचास, "अक्का, लहानपणी तूच पिरगाळलेला तो."

त्या रविवारी सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी पापड वाळत घालत होते. सलीमभाई गाड्या भरून घेणारे मुकादम, तुझ्या रोजच्या कामातले. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "अक्का, तुम्ही निघा." कशाला, काय, काही नाही. मी तुझ्या दाजींना घेऊन मिळेल त्या बसने निघाले. वाटेत मनाशी शंभर गोष्टी रचत होते. अपघात झाला असेल, पाय मोडला असेल, मग दोन महिने घरी बसेल, बरंच होईल. एरंडोलच्या पुढे रस्त्याकडेला एक भिंत आहे, तिच्यावर पिवळ्या रंगात रंगवलंय, 'केळी काढणीसाठी संपर्क', आणि खाली हातभर मोठ्या आकड्यांत तुझा नंबर. जाताना प्रत्येक वेळी मी ती भिंत दाजींना दाखवायची आणि दाजी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बघितली." त्या दिवशी मी दाखवली नाही. दाजींनीच बघितली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं. सलीमभाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आता सांगायचं तर, त्या फोनने तुझा जीव घेतला असं मी म्हणत नाही. म्हणायला मला आवडलं असतं. राग ठेवायला एक जागा मिळाली असती. डॉक्टरांनी मात्र साखर काढली, रक्तदाब काढला, तंबाखू काढली, आपले आबाही असेच गेले, तेही काढलं. म्हणाले, कधीही झालं असतं. ते शिकलेले आहेत, त्यांचं बरोबर असेल. पण सलीमभाईंनी मला जे सांगितलं तेही मी ऐकलेलं आहे. रविवार होता, तुझ्या सुट्टीचा दिवस. तू दुपारी फक्त एक गाडी बघून येतो म्हणून यार्डात गेलास. झाडाखाली खुर्चीवर बसला होतास. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात फोन. सलीमभाई म्हणाले, "बापूभाऊ, चला डॉक्टरकडे." तू हाताने त्यांना थांब म्हणालास, कारण पलीकडे कोणीतरी बोलत होतं. मग फोनवर हात ठेवून म्हणालास, "ये गाडी निकलने दो." आणि पुन्हा फोनमध्ये, "नाही नाही, काळजी करू नका, तुमचा माल वेळेवर पोचेल."

पोचला, बापू. तुमचा माल वेळेवर पोचला.

*

मागच्या भाऊबीजेला आपण भांडलो त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

तू धुळ्याला आला होतास. मी तुला पाटावर बसवलं, ओवाळायला तबक उचललं आणि फोन वाजला. तू एका हाताने मला थांब केलंस, दुसऱ्या हाताने फोन कानाला. कपाळाला कुंकू लावण्याइतकी जागा मोकळी होती, म्हणून मी तेवढं उरकून घेतलं. निरांजन फिरवलं तेव्हा तू दिल्लीवाल्याला सांगत होतास, "डाग नहीं है जी, एकदम साफ माल है." मी म्हटलं, माझ्या भावाला ओवाळतेय की दिल्लीवाल्याला.

जेवणं झाल्यावर मी पेपर आणला. मी कापून ठेवला होता तो तुकडा. त्यात आलं होतं की आपल्या देशातही असा कायदा करा अशी मागणी आहे, की कामाची वेळ संपली की साहेबाचा फोन न उचलण्याचा नोकराला हक्क असावा, आणि नाही उचलला म्हणून त्याला कोणी काही करू नये. परदेशात काही ठिकाणी आहे म्हणे. मी ते मोठ्याने वाचलं, शाळेत परिपाठाला वाचतात तसं. तू लवंग चघळत शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "अक्का, ह्या कायद्यात केळी बसतीन का?"

सगळे हसले. माझा मुलगा तर पोट धरून. मी चिडले. हसणाऱ्यांवर नव्हे, तुझ्यावर. कारण तू असं काही बोललास की भांडण संपतं आणि मी हरते.

"केळीचं मला सांगू नको," मी म्हटलं. "घड फोन करत नाही. फोन माणूस करतो."

"हां. आणि तो माणूस घाबरेल राहस," तू म्हणालास. तेव्हा तू हसत नव्हतास. "माल कापून बांधावर पडला आहे, गाडी आली नाही, ऊन चढतंय. वर्षभर सांभाळलेली बाग. तो फोन करतो तेव्हा त्याचा आवाज ऐक कधीतरी. उचलला की त्याची अर्धी भीती जाते, अक्का. गाडी आलेली नसली तरी जाते."

"आणि तुझी?"

"मना काय?"

"तुझी भीती कोण घालवतं?"

असं मी विचारलं असतं तर. नाही विचारलं. खरं तर 'मना काय' हेसुद्धा तू म्हणाला नाहीस. माझी गोष्ट सांगायची सवय माहीत आहे ना तुला, जे व्हायला हवं होतं ते मी घालून टाकते. खरं एवढंच झालं की तू अर्धी भीती जाते म्हणालास आणि मी म्हटलं, "मग शेठजींना उचलू दे की." तू म्हणालास, "शेठजी घाबरतील." पुन्हा सगळे हसले आणि तुझा फोन वाजला.

तो खरा प्रश्न मला बसमध्ये सुचला, एरंडोलच्या पुढे. माणसाला सुचायच्या वेळा असतात का काही.

*

तू गेल्यापासून माझी एक मोठी अडचण झाली आहे, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या गोष्टींना आता कोणी टोकत नाही.

दोंडाईच्याच्या लग्नाची गोष्ट घे. वऱ्हाड गाडीत चढलं आणि नवरदेव स्टेशनवर राहिला, ती. मी सांगते की नवरदेव शेरवानी सावरत गाडीमागे धावत होता, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नारळ. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मला ते दिसतं. आणि प्रत्येक वेळी तू कोपऱ्यातून, फोनवर हात ठेवून, म्हणायचास, "नवरदेव बाकावर बसून चहा पीत होता. धावले ते दाजी." मग दाजी लाजायचे, आणि लोक माझ्या गोष्टीपेक्षा तुझ्या वाक्याला जास्त हसायचे. मला राग यायचा. आता तुझ्या दिवसांत नातेवाईक जमले, कोणीतरी विषय बदलावा म्हणून म्हणालं, "अक्का, ती दोंडाईच्याची सांगा." मी सांगितली. नवरदेव धावला. तलवार, नारळ, सगळं. मी थांबले. तुझ्या वाक्याइतकी जागा सोडून थांबले. कोणी काही बोललं नाही. दाजी उठून बाहेर गेले.

आता नवरदेव कायमचा धावत राहणार, बापू. थांबवणारा तूच होतास.

आणि बघ, तू टोकायचास म्हणजे ऐकत होतास. इतकी वर्षं मी समजत होते की तू माझ्या घरी येऊनही दिल्लीत असतोस. धरणगावला काकांच्या शेतात भरीत केलं होतं त्या थंडीत, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सगळी भावंडं जमलेली, आणि तू बांधावर उभा राहून एका कानात बोट घालून बोलतोयस. मी तुझा फोन तुझ्या हातातून काढून घेतला आणि लपवायला दुसरं काही मिळेना म्हणून पुऱ्यांच्या डब्यात टाकून झाकण लावलं. थोड्या वेळाने पुऱ्यांचा डबा वाजायला लागला. काकू दचकून मागे सरकल्या. तू शांतपणे झाकण उघडलंस, फोन काढला, तेलकट स्क्रीन शर्टाला पुसली आणि म्हणालास, "नमस्कार, बोला." सगळे हसून लोळले. तुझा फोन त्यानंतर कितीतरी दिवस पुरीसारखा वास मारायचा असं तू म्हणायचास. ती गोष्ट मात्र तू कधीच टोकली नाहीस. ती जशी झाली तशीच मी सांगते, हे तुझ्यामुळेच मला माहीत आहे.

आणखी एक सांगते, मग तो विषय पुरे. तू सगळ्यांचा फोन उचलायचास म्हणून मी तुझ्याशी भांडले. पण त्या सगळ्यांत मीही होते की नाही? दाजींच्या छातीत दुखायला लागलं त्या दुपारी मी धुळ्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तुला फोन लावला. पहिल्या रिंगला उचललास. मला काही बोलता येईना, नुसती रडत होते. तू एवढंच म्हणालास, "मी शे ना, अक्का. मी शे." आणि खरं सांगते, तू जळगावात होतास, काही करू शकत नव्हतास, पण माझी अर्धी भीती गेली. तू म्हणतोस तशी. दाजी वाचले. तेच दाजी तुझं दहावं उरकून आले.

*

तुझं दहावं गिरणेच्या काठी झालं. हल्ली बायकाही येतात, मीही आले. केतकीने पिंड मांडले, भटजींनी आढेवेढे घेतले नाहीत. सगळे मागे सरकून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर दोन, पलीकडच्या पत्र्यावर एक. पण एकही खाली येईना. तुला हसू आलं असतं. इतकी वर्षं कोणी हाक मारली की लगेच 'बोला' म्हणणारा माणूस, आणि आज एवढे लोक बोलावतायत तर येत नाही.

मग सुरू झालं आपल्याकडचं. प्रत्येक जण पुढे येऊन हात जोडून तुला काही ना काही कबूल करू लागला. मोठे काका म्हणाले, "केतकीचं शिक्षण आम्ही बघू." कावळा नाही. सुनंदाचा भाऊ म्हणाला, "ताईला आम्ही अंतर देणार नाही." कावळा नाही. दाजी पुढे गेले, त्यांना काय कबूल करावं सुचलं नाही, ते नुसते हात जोडून परत आले. मी गेले. म्हटलं, "बापू, मी आता तुझ्याशी भांडणार नाही." बाभळीवरचा कावळा उडून आणखी लांब जाऊन बसला. त्याला ते पटलं नसावं. ऊन चढू लागलं. भटजी घड्याळ बघायला लागले आणि दर्भाचा कावळा करून विधी पुरा करू का असं विचारायला लागले. सुनंदाला वाटत होतं की तुझं काहीतरी राहिलंय आणि ते तिला माहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला असं वाटणं काय असतं ते तिच्या चेहऱ्यावर बघत होते मी.

सलीमभाई सगळ्यांच्या मागे, जरा बाजूला, डोक्यावर रुमाल बांधून उभे होते. ते हळूच पुढे आले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. पिंडाकडे बघत, रोज यार्डात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "बापूभाऊ, गाड्या निघाल्या. सगळ्या. माल हिरवागार आहे. फिकर मत करो."

पत्र्यावरचा कावळा सरळ खाली आला.

सगळे 'झालं, झालं' म्हणत सुटले. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, काका सलीमभाईंना मिठी मारत होते. "बघा, कामातच जीव होता त्याचा," असं पुन्हा पुन्हा सगळीकडून ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी संतापले होते. मेल्यावरसुद्धा? बायको उभी आहे, पोरगी उभी आहे, बहीण भांडण सोडायला तयार आहे, आणि तू कशावर हललास, तर गाड्या निघाल्या. आपल्या भांडणात तू साक्षीला कावळा आणलास. ह्याला मी काय उत्तर देऊ?

घरी येताना गाडीत मी सलीमभाईंना विचारलं, "खरंच निघाल्या होत्या का हो सगळ्या गाड्या?"

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "एक पंक्चर होती, अक्का. पण त्यांना कशाला सांगायचं."

*

तेराव्याला शेठजी आले. माणूस वाईट नाही हे मला तुझ्याचसाठी लिहावं लागतंय. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा धावत आलेले तेच, आणि आपल्या सगळ्यांच्या आधी रडलेलेही तेच. खुर्चीवर टेकले, केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, एक विनंती होती. बापूंचा नंबर."

सुनंदाने वर बघितलं.

"नंबर सगळ्या मार्केटला पाठ आहे. भिंतींवर आहे. पार्ट्या त्याच नंबरवर येतात. कंपनीच्या नावावर करून घेऊ, तुमची एक सही लागेल. सलीमकडे देतो फोन. काम बंद पडू नये एवढंच."

सलीमभाई दाराशी उभे होते. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

ह्या क्षणासाठी मी अनेक वर्षं तयारी केली होती, बापू. माझ्याकडे पेपरचं कात्रण होतं, मुद्दे होते. मनातल्या मनात मी तुझ्या शेठजींना इतक्या वेळा सुनावलं होतं की एकेक वाक्य पाठ होतं. आणि त्या वेळी माझ्या तोंडात बिस्किट होतं. ते गिळेपर्यंत सुनंदा बोलली. ती, जी तुझ्या नोकरीबद्दल माझ्यासमोर कधी एक अक्षर बोलली नव्हती.

"देते नंबर," ती म्हणाली. "पण सात वाजता फोन बंद होईल. रोज. आणि रविवारी लागणार नाही."

शेठजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "वहिनी, केळीला वेळ कळत नाही."

"तुम्हाला कळते ना."

"अहो, एखादी गाडी रस्त्यात अडली, काही तातडीचं आलं तर?"

"तातडीचं असलं तर तुमचा नंबर द्या त्यांना."

शेठजी हसले, मोठ्याने. मग कोणीच हसत नाही हे बघून थांबले. सुनंदा तशीच शांत बसलेली. म्हणाली, "शेठजी, सलीमभाईंच्या घरीही कोणीतरी वाट बघत असेल. मी त्यांना ओळखत नाही, पण वाट बघणं ओळखते. हे गेले तेव्हा मला कळलं की त्यांच्याशी एक वाक्य सलग बोलून मला किती दिवस झाले होते. वाक्य मोठं नव्हतं. पंख्याचा आवाज येतो, माणूस बोलवा, एवढंच होतं. ते राहून गेलं. तसं दुसऱ्या कोणाचं राहू नये. कबूल असेल तर सही करते. नसेल तर नंबर माझ्याकडे राहील आणि मी तो बंद करून टाकीन."

मी वर बघितलं, पंख्याचा खरंच आवाज येत होता.

शेठजी म्हणाले, "बघू."

"'बघू' नको. सांगा."

त्यांनी दाराशी उभ्या सलीमभाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सात." आणि उठताना सलीमभाईंना म्हणाले, "ऐकलं ना? सात म्हणजे सात. नाहीतर वहिनी मलाच फोन करतील."

सही झाली. हे टिकेल का, मला माहीत नाही. हंगाम भरात आला, दिल्लीला भाव चढले, की सातचे साडेसात व्हायला काही लागत नाही. तू असतास तर तूच पहिल्यांदा मोडलं असतंस आणि वर सलीमभाईंना म्हणाला असतास, तू जा घरी, मी बघतो. म्हणूनच मला वाटतं, हे तुझ्याच्याने झालं नसतं. तुझ्यापाशी दया फार होती. सुनंदाला तेवढी परवडत नव्हती.

ते निघून गेल्यावर मी तिला म्हटलं, "सुनंदा, हे आधी का नाही बोललीस गं?"

ती म्हणाली, "अक्का, ते फोनवर असायचे."

*

मी धुळ्याला परत आले. आज संध्याकाळी भाजी आणायला गेले होते. पाचकंदीलजवळ एका हातगाडीवाल्याची टोमॅटोची टोपली कलंडली, टोमॅटो उतारावर गडगडत सुटले आणि एका गंभीर चेहऱ्याच्या पोलिसाने बुटाने एकेक अडवले, फुटबॉलसारखे, चेहरा न बदलता. सगळा रस्ता थांबून बघत होता. मला इतकं हसू आलं. घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली, दाजींनी काही विचारायच्या आत फोन उचलला आणि तुझा नंबर लावला.

लावून झाल्यावर कळलं.

तरी मी ठेवला नाही. वाजला तर सलीमभाई उचलतील, त्यांनाच सांगू असं ठरवलं. वाजला नाही. एक बाई बोलली, आपण संपर्क करू इच्छिता तो मोबाइल सध्या बंद आहे. मग तेच हिंदीत बोलली, मग इंग्रजीत. मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून गेले होते.

इतक्या वर्षांत तुझ्या नंबरवर ही बाई मी कधी ऐकली नव्हती. तू गेलास हे तुला पोचवलं तेव्हा ऐकू आलं नाही, काठावर ऐकू आलं नाही, लोक हात जोडून सांगत होते तेव्हाही नाही. ह्या बाईने सांगितलं, न रडता, तीन भाषांत, आणि माझी खात्री पटली. स्वयंपाकघरात ओट्याला धरून मी रडले, बापू. दाजी आले, काही न विचारता पिशवीतली भाजी काढून ठेवत राहिले. टोमॅटो आणायचे राहिलेच होते.

मग डोळे पुसले. मनाशी म्हटलं, सातनंतर ज्याचा फोन बंद असतो तो माणूस काय करत असेल? घरी गेला असेल. हातपाय धुऊन पाटावर बसला असेल, ताट वाढलेलं असेल, बायको काहीतरी सांगत असेल आणि तो शेवटपर्यंत ऐकत असेल.

मी फोन खाली ठेवला. म्हटलं, जेवू दे त्याला. पोलिसाचं उद्या सांगू.